नटरंग : दारकीच्या बाजूने



कोल्हापुरात तमाशाच्या चित्रपटावर बोलायला उभं राहायचं म्हणजे खासबागेत उभं राहून कुस्तीचे डाव समजावून सांगण्यासारखं आहे. समोरच्या निम्म्या मंडळींना वक्त्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. तरीही बोलतो, कारण ‘नटरंग’ पाहून बाहेर पडलेला माणूस ढोलकीबद्दल बोलतो, अतुल कुलकर्णींनी कमावलेल्या आणि पुन्हा उतरवलेल्या शरीराबद्दल बोलतो. नायकाच्या बायकोबद्दल, दारकीबद्दल, मात्र कोणी बोलत नाही.

रवी जाधव यांचा हा चित्रपट १ जानेवारी २०१० रोजी प्रदर्शित झाला. मूळ कादंबरी आनंद यादवांची, म्हणजे आपल्या कागलची. नायक गुणाचं आडनावच कागलकर. गुणा शेतमजूर आहे. विहिरीवर पंप बसतो आणि मोटेवरच्या माणसाची भाकरी जाते. इथे महत्त्वाकांक्षा पोटातून उगवते, हे मला फार खरं वाटतं. हौस होतीच, बेकारीने तिला वाट दिली. पांडोबा नावाच्या साथीदाराला हाताशी धरून तो फड उभा करतो. पण नाचणारी म्हणते, नाच्या असेल तरच पाय उचलीन. बायकी हावभाव करणारा नाच्या व्हायला कोणी तयार नाही. मग तालमीत घोटलेलं शरीर गुणा स्वतःच मोडायला घेतो.

आता घरी काय चाललंय ते बघा. फडाचा धंदा उचलीवर चालतो. मालक सावकाराकडून उचल घेतो, तीच कलावंतांना वाटून त्यांना हंगामभर बांधून ठेवतो. दसऱ्याला फड बाहेर पडले की चैत्र-वैशाखाच्या जत्रा उरकेपर्यंत घरचं तोंड क्वचित दिसतं. नारायणगावच्या राहुट्यांत सुपाऱ्या ठरतात, गाड्या हलतात. या धंद्यात फडाबरोबर फिरणाऱ्याचं नाव होतं. मागे राहिलेली घर चालवते आणि गावाची बोलणी खाते. दारकीचं तेच होतं. नवरा बायकी हातवारे करतो म्हणून लोक हसतात, आणि ते हसू तिला पाणवठ्यावर ऐकावं लागतं. फडात नाचणाऱ्या नयना कोल्हापूरकरणीशी गुणाचं जुळतं ते त्यानंतर. माझ्या मते या घरातली पहिली सवत नयना नव्हे, फड आहे. लग्नातली बेइमानी नयनापासून मोजायला लागलात, तर दारकीवरचा निम्मा अन्याय हिशेबातून सुटतो.

‘पिंजरा’शी ताडून पाहा. १९७२ चा व्ही. शांतारामांचा चित्रपट, मुळाशी १९३० चा जर्मन ‘ब्लू एंजल’. पण त्यातली माणसं बोलतात ती आपल्या पट्टणकोडोलीच्या शंकर पाटलांच्या लेखणीतून, आणि गाणी लिहिली जगदीश खेबुडकरांनी, जे स्वतः शाळामास्तर होते. मास्तराच्या अधःपाताची गाणी मास्तरानेच लिहावीत, हा योगही मजेशीरच! त्या जर्मन कथेतला प्राध्यापक गाणारणीशी लग्न करतो. आपल्या ‘पिंजरा’तल्या गुरुजींना ना लग्न, ना घर. ते बेइमान होतात ते स्वतःच्या तत्त्वांशी. आणि स्वतःच्याच खुनाच्या आरोपाखाली उभे राहतात. कल्पना जबरदस्त आहे, डॉ. लागूंचं काम तर विचारायलाच नको. पण गुरुजींच्या पतनाचा दोष प्रेक्षक तमाशातल्या चंद्रकलेच्या पदरात टाकून मोकळा होतो, आणि चित्रपट त्याला फारसा अडवत नाही. मोह बाईचा, पाप बाईचं, गावात पुतळा मात्र गुरुजींचा.

‘नटरंग’ इथे जास्त प्रामाणिक आहे. त्यात नयना कोणाला भुलवत नाही. ती काम करते. गुणाची विटंबना करतात ते राजकारणातले गुंड. घर तुटतं ते गुणाच्या निर्णयांनी, आणि कॅमेरा हे लपवत नाही. मराठीतला सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो योग्यच होता. माझी तक्रार शेवटाबद्दल आहे. म्हाताऱ्या गुणाला जीवनगौरव मिळतो, टाळ्या वाजतात, आणि त्या टाळ्यांत दारकीची किंमत वसूल झाल्यासारखी वाटते. ती वसूल झालेली नाही.

बाई स्वतःच महत्त्वाकांक्षी असेल तर काय होतं, हे पडद्यावर एकदाच नीट आलं. हंसा वाडकरांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावर श्याम बेनेगलांनी १९७७ मध्ये ‘भूमिका’ केला. स्मिता पाटील यांना त्यासाठी अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तिथे बाई एकाला सोडून दुसऱ्याकडे जाते, पण चित्रपट तिला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करत नाही. तिच्या कमाईवर घर जगतं आणि तेच घर तिला जाब विचारतं, हे तो स्पष्ट दाखवतो. पण तो चित्रपट हिंदीत झाला. मराठी आत्मकथन, मराठी नटी, आणि भाषा हिंदी! याची टोचणी आपल्याला लागायला हवी.

या सभागृहात कॅमेरा हाताळणारी तरुण मुलं-मुली बसली आहेत. १९२९ साली याच गावात ‘प्रभात’ ही चित्रपट कंपनी उभी राहिली, त्या गावची तुम्ही. तुमच्याकडे माझी एक मागणी आहे. फड गावोगाव फिरत असताना मागे राहिलेल्या बाईचा चित्रपट करा. लावणी एखादीच असू द्या, तीही लांबून ऐकू येणारी. उचल कोणी फेडली, घरच्या म्हाताऱ्याचं औषधपाणी कोणी केलं, शेजारपाजाऱ्यांना तोंड कोणी दिलं, ते दाखवा. आणि कथा शोधायला पुण्या-मुंबईला जाऊ नका, कागल इथून वीस किलोमीटरच्या आसपास आहे.