पेटीतला तो कागद शेवटचा नव्हे

(सातारा जिल्ह्यातील माजी सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



सैनिकांपुढे बोलायला उभे राहताना माझ्यासारख्या लेखणी चालवणाऱ्या माणसाला संकोच वाटतो. ज्यांनी देशासाठी आपले शरीर झिजवले, त्यांना देशभक्ती शिकवण्याचा अधिकार मला नाही. म्हणून आज मी शौर्यकथा सांगणार नाही. आज मी एका कागदाविषयी बोलणार आहे.

२०२२ साली वृत्तपत्राच्या कामानिमित्त मी कोरेगाव तालुक्यातील एका वस्तीवर गेलो होतो. घर एका माजी नायकाचे होते. आठ वर्षांची सेवा झाली असताना बर्फातल्या ठाण्यावर त्यांना फेफऱ्याचा झटका आला, काही महिने लष्करी रुग्णालयात गेले आणि १९९८ साली त्यांना घरी पाठवण्यात आले. पेन्शन नाही. त्यांच्या पत्नीने पत्र्याची पेटी उघडून गणवेशाच्या घडीखालचा एक कागद काढला. "सरकारचा कागद हाय, म्हून जपून ठिवलाय," असे त्या म्हणाल्या. कागद इंग्रजीत होता. चोवीस वर्षे तो त्या घरात देव्हाऱ्यातल्या पोथीसारखा जपला गेला, पण कोणी वाचला नव्हता. मी वाचला. आपला आजार सेवेमुळे उद्भवलेला नाही व सेवेमुळे बळावलेलाही नाही, तो प्रकृतिगत आहे, सबब मागणी अमान्य, एवढाच त्याचा आशय होता.

अर्थ सांगितल्यावर ते गृहस्थ बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "साहेब, माझ्यातच खोट होती, असं लिहिलंय का त्यात? खोट होती तर भरतीत घेतलं कशाला?"

बंधुभगिनींनो, चौथीपर्यंत शिकलेल्या आईच्या त्या मुलाने विचारलेला हा प्रश्न आणि आपल्या सर्वोच्च न्यायालयाने विचारलेला प्रश्न एकच आहे.

सिग्नल कोअरमध्ये १९८५ साली भरती झालेल्या एका जवानाला १९९४ साली अपस्माराच्या कारणाने सेवेतून कमी करण्यात आले. अपंगत्व वीस टक्के ठरले, पण ते सेवेशी संबंधित नाही असा शेरा पडला आणि पेन्शन नाकारली गेली. हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयात एका न्यायमूर्तींनी त्याच्या बाजूने निर्णय दिला, खंडपीठाने तो फिरवला. अखेर २ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'धर्मवीर सिंह विरुद्ध भारत सरकार' या खटल्यात जवानाला न्याय दिला. या निकालाने कोणताही नवा कायदा निर्माण केला नाही. न्यायालयाने सरकारला सरकारचेच १९८२ सालचे नियम वाचून दाखवले.

काय होते त्या नियमांत? भरतीच्या वेळी वैद्यकीय तपासणीत एखाद्या व्याधीची नोंद नसेल, तर तो जवान त्या दिवशी निरोगी होता असेच मानावे. पुढे त्याच व्याधीमुळे त्याला काढावे लागले, तर ती व्याधी सेवाकाळात जडली असे धरावे. ही व्याधी भरतीच्या तपासणीत उमगणे शक्यच नव्हते असे डॉक्टरांचे म्हणणे असेल, तर त्यांनी तसे कारणांसह लिहावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, शाबितीची जबाबदारी जवानावर नाही. संशयाचा फायदा त्याला मिळावा. नियम उदार होते. एका ओळीचा शेरा मारून ते वर्षानुवर्षे गुंडाळून ठेवण्यात आले. फौजेत या शेऱ्याला त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून 'नाना' म्हणतात. आपल्याकडे नाना म्हणजे घरातले मायेचे माणूस. फौजेतल्या या नानाने मात्र किती घरांची भाकरी हिरावली!

जुन्या चुकांचे प्रकार तरी किती! एक प्रकार या कारणहीन शेऱ्याचा. दुसरा प्रकार टक्केवारीचा. प्रत्यक्ष तपासणी करणाऱ्या वैद्यकीय मंडळाने जे अपंगत्व ठरवले, ते जवानाचे तोंडही न पाहता हिशेबाच्या कार्यालयाने कमी करायचे, कारण वीस टक्क्यांच्या खाली आले की देणे संपते. १९९३ सालीच सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले होते की, पुन्हा तपासणी केल्याशिवाय मंडळाच्या मतावर असा कागदी निवाडा देता येणार नाही. तिसरा प्रकार भेदभावाचा. ३१ जानेवारी २००१ च्या सरकारी पत्राने अपंगत्वाच्या टक्केवारीची ढोबळ श्रेणी लावण्याची सवलत दिली. पन्नासपेक्षा कमी असेल तर पन्नास, पन्नास ते पंचाहत्तर असेल तर पंचाहत्तर, त्यावर शंभर. मात्र ही सवलत आजारामुळे मधेच काढलेल्यांनाच मिळे; तेच अपंगत्व अंगावर वागवत ज्यांनी मुदत पूर्ण केली, त्यांना नाही. म्हणजे जो दुखणे सोसून चाकरी पुरी करील, त्याचा तोटा! १० डिसेंबर २०१४ रोजी राम अवतार यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा भेद पुसून टाकला.

आता आपल्यापैकी अनेकांच्या मनात येईल, "आमचा नकार तर वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा. आता काय उपयोग?" याच प्रश्नासाठी मी आज येथे उभा आहे. १९८३ साली वैद्यकीय कारणाने घरी आलेले तरसेम सिंह १९९९ साली न्यायालयात गेले, म्हणजे सोळा वर्षांनी. त्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली जे तत्त्व सांगितले, ते प्रत्येक माजी सैनिकाने ध्यानात ठेवावे. पेन्शन नाकारणे हा एका दिवसात घडून संपलेला अन्याय नव्हे, तो दर महिन्याला नव्याने घडत राहतो. त्यामुळे केवळ उशीर झाला म्हणून दार बंद होत नाही. मात्र उशिराची किंमत द्यावी लागते. मागील थकबाकी त्या निकालाने अर्जापूर्वीच्या साधारण तीन वर्षांपुरती मर्यादित केली. न्याय उशिरा मागितला तर न्याय मिळू शकतो, गेलेली वर्षे मिळत नाहीत. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, सियाचेनवर सेवा बजावलेल्या आणि १९८९ साली अपस्मारामुळे घरी पाठवलेल्या एका जवानाची मागणी मान्य केली. छत्तीस वर्षे! तरुणपणी सुरू झालेली वाट म्हातारपणी संपली.

म्हणून प्रत्यक्ष काय करायचे, ते सांगतो. पहिले काम कागद गोळा करण्याचे. डिस्चार्ज बुक, नकाराचे पत्र आणि वैद्यकीय मंडळाच्या कार्यवाहीची प्रत. ही प्रत बहुतेकांकडे नसते. ती रेकॉर्ड ऑफिसकडे मागावी. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या जवानांना यासाठी बेळगावशी पत्रव्यवहार करावा लागेल. दाद लागली नाही तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. येथे घाई का करायची, तेही समजून घ्या. ज्यांना पेन्शन नाही, त्यांची सेवाकागदपत्रे साधारण पंचवीस वर्षांनंतर नष्ट करण्याचा नियम आहे. म्हणजे ज्याच्यावर अन्याय झाला, त्याच्याच अन्यायाचा पुरावा आधी संपतो!

दुसरे काम अपिलाचे. नकाराविरुद्ध लष्कराच्या अपील समितीकडे पहिले आणि मग दुसरे अपील करता येते. मुदत सहा महिन्यांची आहे. ती उलटली असेल तर उशिराचे खरे कारण प्रामाणिकपणे लिहावे. तिसरी पायरी सशस्त्र दल न्यायाधिकरणाची. २००७ च्या कायद्याने निर्माण झालेले हे न्यायाधिकरण २००९ साली सुरू झाले आणि त्याचे एक खंडपीठ मुंबईत आहे. विलंब माफ करण्याचा अधिकार त्याला आहे. जवान हयात नसेल तर त्याच्या वारसांनाही त्याच्या सेवाविषयक हक्कासाठी तेथे जाता येते, हे येथे बसलेल्या भगिनींनी विसरू नये. पुढे उच्च न्यायालयाचे दारही बंद नाही. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने तसा स्पष्ट निर्वाळा दिला आहे.

याचबरोबर एक इशारा देणे माझे कर्तव्य आहे. प्रत्येक आजार सेवेमुळेच झाला असे न्यायालय मानत नाही. २०१९ साली एका मानसिक आजाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मागणी फेटाळली आणि असे गृहीतक यांत्रिकपणे लावता येणार नाही, असे बजावले. सेवानिवृत्तीची तारीख कोणती आणि त्या वेळी कोणते नियम लागू होते, हेही पाहावे लागते. २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम आले आहेत आणि ते जुन्याइतके उदार नाहीत. म्हणून "शंभर टक्के मिळवून देतो" म्हणत टक्केवारी मागणाऱ्या दलालापासून दूर राहा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, जाणत्या वकिलाला कागद दाखवा.

नियम कठोर करण्यामागे एक कारण सांगितले जाते. काही वरिष्ठ अधिकारी निवृत्तीच्या तोंडावर रक्तदाब-मधुमेहासारख्या व्याधी दाखवून लाभ घेतात, अशी टीका झाली; नियंत्रक व महालेखापरीक्षकांनीही या खर्चाकडे लक्ष वेधले. लबाडी असेल तर ती शोधून काढावी, त्याविषयी दुमत नाही. पण वातानुकूलित कार्यालयातल्या एखाद्याच्या लबाडीचा संशय बर्फात उभ्या राहिलेल्या नायकाच्या माथी मारणे, हा कोणता न्याय?

आणि एक गोष्ट आपल्या माणसांत बसून बोललीच पाहिजे. सरकार आपल्या विचारांचे असो वा नसो, सैनिक जिंकला की त्याच्याविरुद्ध अपील करायचे, ही खात्याची सवय बदललेली नाही. गोव्याचे सुपुत्र मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना त्यांनी २०१५ साली तज्ज्ञांची समिती नेमून हे खटले कमी करण्याचा प्रयत्न केला. समितीने शिफारशी केल्या. तरीही २०२५ साली दिल्ली उच्च न्यायालयासमोर केंद्राच्या अशाच याचिकांचा मोठा गठ्ठा आला आणि न्यायालयाने तो फेटाळला. न्यायाधिकरणात जिंकलेल्या जवानाला पुन्हा न्यायालयात ओढण्यासाठी शासनाच्या तिजोरीत पैसा असतो, मग त्याला देण्यासाठी का नसावा? सेनेवर आपली श्रद्धा आहे, म्हणूनच सेनेच्या नावाने होणारी ही चूक आपण बोलून दाखवली पाहिजे.

आपली परंपरा वेगळी आहे. अफजलखानाच्या वधानंतर शिवछत्रपतींनी काय केले, ते सभासदाने आपल्या बखरीत नोंदवले आहे. पडलेल्यांच्या मुलांना चाकरीत घेतले. ज्यांना मुलगा नव्हता, त्यांच्या स्त्रियांना निम्मे वेतन चालू केले. आणि जखमींना जखम पाहून पंचवीसपासून दोनशे होनांपर्यंत दिले. 'जखम पाहून', हे लक्षात घ्या. जखम कोठून आणलीस, ती आधीपासूनच होती का, असे विचारल्याची नोंद नाही. १६५९ साली नवजात स्वराज्याच्या तिजोरीला जे परवडले, ते आज या विशाल राष्ट्राला न परवडण्याचे कारण नाही.

कार्यकर्ता मित्रांनो, आपण विजयदिनाला दीप लावतो, वीरपत्नींचा साडी-नारळ देऊन सत्कार करतो. ते करावेच. पण या जिल्ह्यात आपशिंग्यासारखी गावे आहेत, जिथे घराघरात फौज आहे. त्या घरांत जा. पेटी उघडायला सांगा. इंग्रजी कागद मराठीत वाचून दाखवा. तारीख पाहा, टक्केवारी पाहा, कारण लिहिले आहे की नुसता शेरा आहे ते पाहा. एक शिकलेला तरुण, एक वही आणि महिन्यातले दोन रविवार, एवढे पुरे आहे. याला निधी लागत नाही, फलक लागत नाही.

जाता जाता, त्या नायकाचे काय झाले, ते सांगतो. कागद नष्ट होण्याच्या मुदतीला थोडेच महिने उरले असताना माहिती अधिकारात त्यांच्या वैद्यकीय मंडळाची प्रत हाती आली. प्रकरण आज न्यायाधिकरणापुढे आहे. निकाल काय लागेल, ते मी सांगू शकत नाही. पण ती प्रत मी त्यांना वाचून दाखवली. भरतीच्या वेळच्या रकान्यात कोणत्याही व्याधीची नोंद नव्हती. ती ओळ त्यांनी मला पुन्हा वाचायला लावली. मग पत्नीकडे वळून म्हणाले, "बघ, खोट नव्हती माझ्यात."

पेन्शन सरकार देईल तेव्हा देईल. एवढे वाक्य तरी आपण आपल्या प्रत्येक जवानाला मिळवून देऊ या.

भारत माता की जय!