बाळंतिणीचा रोज कोणाच्या हिशेबात?

(वाशिम जिल्हा बैठकीतील भाषण)



मी शेतकीचा पदवीधर. मी उभा राहिलो की बोंडअळीवर, खतावर बोलेन असं तुम्हाला वाटतं. आज मी बाळंतपणावर बोलणार आहे. मागच्या रांगेत दोघं-तिघं हसले, ते दिसलं मला. हसा, पण विषय उत्पादन खर्चाचाच आहे.

२०११ साली आमच्या एकाच घरात दोन बाळंतपणं झाली. माझी बायको शाळेत मास्तरीण. तिला सहा महिने भरपगारी रजा. ती घरी बसून पोराला अंगावर पाजत होती आणि पगार खात्यात पडत होता. वहिनीला, म्हणजे थोरल्या भावाच्या बायकोला, आठवा लागला तेव्हा कपाशी फुटलेली. वेचणीला बाया मिळेनात, मिळाल्या तर द्यायला पैसा नाही. घरात वहिनीची ओटी भरली आणि दुसऱ्या दिवशी कापसाची ओटी बांधून ती पात धरून उभी राहिली. मुलगी झाली एक किलो नऊशे ग्रॅमची. अडीच किलोच्या खालचं बाळ कमी वजनाचं धरतात. सव्वा महिना पाळायचा, तर बाविसाव्या दिवशी वहिनी वावरात आणि पोर बाभळीला बांधलेल्या झोळीत. दूध तुटलं. पोर वाचली, पण दोन वर्षं दवाखान्याच्या खेपा सुटल्या नाहीत. वेचणीची वाचवलेली मजुरी त्यात कधीच गेली. मी घरातला शिकलेला माणूस, आणि तेव्हा एक शब्द बोललो नाही.

ज्वारी निसवली, दाणा भरायला लागला आणि पाण्याचा ताण बसला, तर कणीस पोचट राहतं. पोटातलं बाळ शेवटच्या तीन महिन्यांतच सगळ्यात जास्त वजन धरतं. जन्मल्यावर सहा महिने त्याला आईच्या दुधाशिवाय काही देऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आई सकाळपासून सांजेपर्यंत वावरात असेल तर ते पाळायचं कसं?

ही गोष्ट सरकारला ठाऊक नाही असं समजू नका. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बाळंतपणाच्या मदतीच्या विधेयकाची बाजू घेतली. आईला आधी आणि नंतर विसावा मिळण्यात देशाचं हित आहे, याचा मोठा भार सरकारनं उचलावा, आणि बाईच्या कामाचा फायदा घेणाऱ्या मालकानंही वाटा द्यावा, असं त्यांचं म्हणणं होतं. १९२९ साली कायदा झाला. तो कारखान्यातल्या बाईसाठी. गिरणीत सूत धरणाऱ्या बाईला रजा मिळाली, गिरणीला लागणारा कापूस वेचणारी बाई मात्र बाहेरच राहिली. १९६१ चा कायदा देशभराचा, २०१७ साली त्यात २६ आठवडे झाले. पण कारखान्यात, आणि दहा माणसं कामावर असलेल्या दुकानात.

आपल्या बाईला काय? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात प्रत्येक गर्भवतीला किमान सहा हजार रुपये लिहिले आहेत. मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला मिळतात पाच हजार. दुसऱ्या वेळी सहा हजार, तेही मुलगी झाली तर. पाच हजार २६ आठवड्यांवर वाटा. रोजचे साडेसत्तावीस रुपये पडतात. वेचणी दहा रुपये किलो धरली तर पावणेतीन किलोचा रोज.

आता भावाचं पाहा. कारखानदार रजेचा पगार खर्चात धरतो आणि गिऱ्हाइकाकडून वसूल करतो. कृषिमूल्य आयोग घरच्या माणसांची मजुरी धरतो, पण राबलेल्या दिवसांचीच. बाळंतीण घरी बसली तो दिवस शून्य. म्हणून ती बसत नाही.

आणि आपणही मालक आहोत, हे विसरू नका. किलोवर वेचणाऱ्या बाईला आपण तरी कुठं रजा देतो? आपल्याच भावात बसत नाही हे खरं. पण आठव्या महिन्यातल्या बाईला वजनाचं गाठोडं उचलायला लावू नये, एवढं भाव न वाढताही जमतं.

सभेपुढे ठराव ठेवतो: अन्नसुरक्षा कायद्याचे पैसे प्रत्येक बाळंतपणाला, मुलगा-मुलगी न पाहता मिळावेत, रक्कम २६ आठवड्यांच्या शेतमजुरीच्या किमान वेतनाएवढी करावी, आणि घरच्या बाईचे विसाव्याचे दिवस आयोगानं उत्पादन खर्चात धरावेत. अनुमोदन पुरुषांनी देऊ नये. बायांच्या बाजूनं कोणी उभं राहा.