दोन विमानतळांमधील अंतर आणि प्रवासाचा वेळ



रायपूर आणि भिलाई यांच्या दरम्यान हमरस्त्यावर कुम्हारी हे गाव आहे. तेथून मुंबईस जाणारा मनुष्य विचारतो, 'विमानाने किती वेळ लागेल?' या साध्या प्रश्नात वस्तुतः तीन प्रश्न दडलेले आहेत. त्यांची गल्लत झाली, की आजाऱ्याच्या उशाशी वेळेवर पोचण्याचा हिशेब चुकतो.

पहिला प्रश्न अंतराचा. पृथ्वीगोलावर दोन ठिकाणी दोरा ताणून धरला, तर तो ज्या रेषेवर बसेल ते सर्वांत कमी अंतर होय. रायपूर आणि नागपूर यांचे विमानतळ जवळजवळ एकाच अक्षांशावर, म्हणजे २१ अंशांच्या किंचित वर आहेत. त्यांच्या रेखांशांत सुमारे २.७ अंशांचा फरक आहे. या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश सुमारे १०४ किलोमीटर भरतो. म्हणून हे अंतर सुमारे २८० किलोमीटर होते. रायपूर ते मुंबई हे अंतर अशाच रीतीने सुमारे ९५५ किलोमीटर येते. रेल्वेने तेच अकराशेहून अधिक आहे.

दुसरा प्रश्न उड्डाणाच्या वेळेचा. ताशी ८०० किलोमीटर वेगाने ९५५ किलोमीटर सव्वा तासात संपावेत. पण वेळापत्रक पावणेदोन तासांच्या आसपास वेळ देते. धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे, मुंबईवर उतरण्यासाठी पाळीची वाट पाहणे, हे सारे त्यात धरलेले असते. शिवाय हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून जोरदार वारे वाहतात. त्यामुळे मुंबईकडे जाताना वेळ अधिक लागतो, परतताना कमी.

या गणिताचे सुंदर उदाहरण नागपूरने पाहिले आहे. १९४९ साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरास एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि परतत. नागपूरपासून मुंबई सुमारे ६८५ किलोमीटर, तर कलकत्ता सुमारे ९८५. डाकोटा विमानाचा वेग ताशी २७० किलोमीटर धरला, तर कलकत्त्याच्या विमानाने मुंबईच्या विमानाआधी तासाभराहून अधिक वेळ निघावयास हवे. तेथे महत्त्व वेगाला नव्हते, चौघांच्या एकाच वेळी पोचण्याला होते.

तिसरा प्रश्न उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंतच्या वेळेचा. कुम्हारीच्या प्रवाशाला मुंबई पश्चिमेस असूनही प्रथम पूर्वेकडे, माना येथील विमानतळावर जावे लागते. रस्त्याचा एक तास, उड्डाणापूर्वीचे दीड-दोन तास, उड्डाण आणि सामान घेऊन बाहेर पडणे मिळून पाच-साडेपाच तास सहज होतात. तरीही रेल्वेच्या रात्रभराच्या प्रवासापुढे हा लाभ मोठाच आहे. नागपूरची गोष्ट मात्र निराळी. दुर्गहून जलद गाडी सुमारे चार तासांत तेथे नेते. विमानाने हवेत वाचविलेला वेळ अशा वेळी जमिनीवरच खर्ची पडतो.

म्हणून ज्याला वेळेवर पोचावयाचे आहे, त्याने 'विमान किती वेळ उडते?' असे न विचारता 'घरातून निघाल्यावर मी त्या दारी केव्हा उभा राहीन?' असे विचारावे.