चुकांची नोंदवही

एखाद्या तंत्रज्ञाच्या कार्याचा संग्रह म्हटला म्हणजे त्यात त्याच्या यशस्वी कृती तेवढ्या आढळाव्यात, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे निवृत्त प्राध्यापक डोनाल्ड कनूथ यांचा संग्रह या अपेक्षेला अपवाद आहे. त्यांनी आपल्या कृतींबरोबर आपल्या चुकाही जपून ठेवल्या आणि प्रसिद्ध केल्या.

संगणकशास्त्रावरील त्यांच्या 'द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग' या बृहद्ग्रंथाचे पहिले तीन खंड १९६८ ते १९७३ या काळात निघाले. १९७४ मध्ये त्यांना ट्यूरिंग पारितोषिक लाभले. १९७७ साली दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते त्यांच्या हाती आली. शिशाच्या खिळ्यांची जागा छायाक्षरजुळणीने घेतली होती. तिच्यातील गणिती मजकुराचे रूप त्यांना मुळीच रुचले नाही. तेव्हा ग्रंथलेखन बाजूस ठेवून त्यांनी अक्षरजुळणीची 'टेक' आणि अक्षरांची वळणे गणिती सूत्रांनी रेखाटणारी 'मेटाफॉण्ट' या आज्ञावली स्वतःच रचावयास घेतल्या. अल्पावधीत उरकेल असे वाटलेले हे काम सुमारे दहा वर्षे चालले.

१९७८ मध्ये 'टेक'ची तपासणी सुरू झाली, तेव्हापासून प्रत्येक बदलाची नोंद त्यांनी ठेवली. १९८९ साली ती नोंदवही एका शोधनिबंधासह प्रकाशित झाली. तीत साडेआठशेहून अधिक नोंदी असून त्यांचे १५ वर्ग पाडलेले आहेत. कोठे मूळ रीतच फसली, कोठे एखादे कार्य विसरले गेले, कोठे केवळ अक्षर चुकले, हे तीत स्पष्ट दिसते. ग्रंथातील चूक प्रथम दाखविणाऱ्यास ते २.५६ डॉलरचे पारितोषिक देऊ लागले. २५६ सेंट म्हणजे दोनाचा आठवा घात. संगणकाच्या द्विमान गणिताला साजेशीच ही रक्कम होय.

आज्ञावली यंत्राप्रमाणेच माणसालाही वाचता आली पाहिजे, हा कनूथ यांचा आग्रह. म्हणूनच 'टेक'ची संपूर्ण आज्ञावली स्पष्टीकरणासह १९८६ मध्ये ग्रंथरूपाने आली. या खुलेपणाचा लाभ आपल्या लिपीलाही झाला. १९९१ साली नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन विद्यापीठातील फ्रान्स फेल्टहाउस यांनी मेटाफॉण्टच्या साह्याने देवनागरी अक्षरसंच तयार केला.

आज सातबाराचे उतारे, शिधापत्रिका, परीक्षांचे निकाल ही कामे संगणकावर चालतात. आज्ञावली रचणारा कर्मचारी बदलून गेला आणि त्याने मागे काही लिहून ठेवले नसेल, तर पुढच्याला एक लहानशी दुरुस्तीही अवघड होते. त्याची झळ अखेर उताऱ्यासाठी खेटे घालणाऱ्या शेतकऱ्याला बसते. काय केले, का केले आणि कोठे चुकले, एवढी नोंद ठेवण्यास मोठ्या निधीची गरज नाही. तरुण तंत्रज्ञांनी पहिल्या दिवसापासून ही सवय अंगी बाणविली, तर त्यांचे काम त्यांच्यानंतरही लोकांच्या उपयोगी पडत राहील.