पांढरीची माती

‘प्रतिष्ठान ही सातवाहनांची राजधानी’ हें वाक्य मीं वडीगोद्रीच्या परिसरांतील मुलांकडून वर्षानुवर्षें घोकून घेतलें. नाथषष्ठीला पैठणास अनेकदां गेलों. परंतु ती राजधानी पाहण्यासाठीं गेलों तो निवृत्तीनंतर, एकटाच, एका दिवसापुरता.

नाथांच्या समाधीला नमस्कार करून गोदाकांठचीं टेकाडें धरलीं. तेथें ना तट, ना महाल! पायांखालीं खापऱ्या, विटांचे तुकडे आणि राखट पांढरी माती. इ. स. पहिल्या शतकांतील एका ग्रीक वृत्तांतांत हें नगर भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर असल्याची नोंद आहे. येथून अकीकाच्या जातीचे दगड गाड्या भरून तिकडे जात. निजामी राजवटींत, १९३७ सालीं, येथें उत्खननही झालें.

ती माती हातीं घेतली आणि मी चपापलों. लहानपणीं माळवदावर पसरण्यासाठीं गांवच्या पांढरींतून अशीच माती मीं टोपल्या भरभरून आणली होती. घर गळूं नये, एवढाच तिचा उपयोग आम्हांस ठाऊक! तिच्यांत सांपडलेले मणी खेळांत हरवले, खापऱ्या उकिरड्यावर गेल्या. जो इतिहास पुढें मीं शिकविला, त्याचींच पानें मीं पायांखालीं तुडविलीं होतीं.

परततांना एक मणी दिसला. क्षणभर मोह झाला. पण तो होता तेथेंच राहूं दिला. आपल्या गांवच्या पांढरींत असें कांहीं आढळल्यास आपणही तें उचलूं नये, पुरातत्त्व खात्यास कळवावें, एवढीच या वृद्ध मास्तराची विनंति.