देवांचा दुसरा डाव

देवांना आणि दैत्यांना लोकांसमोर लढायला उभे करणे ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. कोकणात दशावतारी मंडळी देवळापुढच्या मंडपात रात्र रात्र तेच करीत आली. १९१७ साली दादासाहेब फाळक्यांनी 'लंकादहन' पडद्यावर आणले, तेव्हा अण्णा साळुंके या एकाच नटाने रामाचे आणि सीतेचे अशी दोन्ही कामे केली होती, आणि पडद्यावर राम दिसताच प्रेक्षक पायांतल्या वहाणा काढून ठेवीत असे सांगतात. आज मी ज्या लढाईविषयी लिहिणार आहे तिच्यात वहाणा काढायला कोणाला सवड नसते. कारण तिथे तुम्ही राम पाहत नाही. रामाला तुम्ही चालवता.

या खेळाचे नाव 'स्माइट'. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ सपाटून प्रहार करणे असा आहे, आणि तो प्रहार बहुधा देवाच्या कोपाचा असतो. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात अल्फारेटा नावाचे गाव आहे, तिथल्या हाय-रेझ स्टुडिओज या कंपनीने तो २०१४ साली रीतसर बाजारात आणला. दहा वर्षांनी, २०२४ च्या जानेवारीत, कंपनीने त्याच्या दुसऱ्या भागाची घोषणा केली. त्याच वर्षी मे महिन्यात निवडक लोकांसाठी चाचणी सुरू झाली आणि १४ जानेवारी २०२५ रोजी 'स्माइट २' सर्वांना फुकट खेळायला खुला झाला. हा दुसरा भाग आला तेव्हा तो खेळणाऱ्यांनी काय म्हटले, हा आजचा विषय.

तुम्ही विचाराल, परंदवडीसारख्या मावळातल्या गावी राहणाऱ्या, कॉलेजात शिकवणाऱ्या माणसाला हे कुठून सुचले? खरे सांगायचे तर आमच्या गावात हा खेळ खेळणारे फार नाहीत. त्याला चांगला तगडा संगणक लागतो, आणि आमची बहुतेक पोरे देवळाच्या पारावर बसून फोनवरच्या बंदुकांच्या खेळांत गुंतलेली असतात. पण माझा एक जुना विद्यार्थी हिंजवडीला संगणकाच्या नोकरीत आहे. दिवसभर मशीनसमोर बसून झाल्यावर रात्री हा गडी पुन्हा मशीनसमोर बसतो आणि चार मित्रांबरोबर देव खेळतो. दोन वर्षे मी त्याच्याकडून या खेळाची हकिगत ऐकतो आहे. आरंभी करमणूक म्हणून ऐकत होतो. दुसरा भाग आल्यावर त्याच्या बोलण्यात जी तळमळ दिसली तिने मात्र मला विचार करायला लावले.

आधी खेळ कसा चालतो ते थोडक्यात सांगतो. पाच गडी एका बाजूला, पाच दुसऱ्या. मधल्या मैदानात तीन वाटा आणि वाटांच्या अधेमधे रान. प्रत्येक वाटेवर बुरूज, आणि शेवटी ज्याच्या त्याच्या घरात एक महाकाय राखणदार. त्याला पाडले की डाव संपला. दोन्हीकडून प्याद्यांच्या लहान लहान रांगा एकसारख्या चालत येत असतात. ती मारून सोने मिळवायचे, सोन्याने शस्त्रे घ्यायची, बळ वाढवायचे. या जातीच्या इतर नामांकित खेळांत मैदान वरून दिसते, घारीला शेत दिसावे तसे. स्माइटमध्ये तुमची नजर तुमच्या देवाच्या पाठीमागे असते. म्हणजे झाडाआड कोण दबा धरून आहे ते तुम्हाला दिसत नाही, आणि म्हणून भीती खरी वाटते.

आता यातले देव पाहा. ग्रीकांचा झ्यूस, मिसर देशाचा अनुबिस, उत्तर युरोपातला ओडिन, आणि त्यांच्याच पंक्तीला आपले राम, रावण, काली, अग्नी, गणेश. बकासुरही आहे. एकचक्रा नगरीत गाडाभर अन्न खाणारा हा राक्षस मराठी मुलाला बालपणापासून ठाऊक असतो. इथे तो समोरची प्यादी जिवंत गिळतो आणि त्याने त्याची ताकद वाढते. कुंभकर्णाला जांभई येते, आणि ती जांभई ज्याला लागते तो समोरचा गडी जागच्या जागी झोपी जातो. इतकेच नाही, तर कुंभकर्ण मारला गेला असे वाटते तेव्हाही तो कधी कधी नुसता झोपलेला असतो आणि थोडे बळ घेऊन पुन्हा उठतो. हे ऐकले तेव्हा मी मोठ्याने हसलो. ज्याने कोणी हे रचले त्याने रामायण मन लावून वाचले असावे, निदान ज्याने वाचले त्याच्याशी बोलणे तरी केले असावे. गणेशाची योजना मला याहूनही आवडली. शेवटचा घाव गणेशाचा असला तरी गडी मारल्याचे श्रेय त्याच्या नावावर चढत नाही, ते जवळच्या सोबत्याला मिळते. दुसऱ्याचे काम तडीस जावे म्हणून आधी ज्याला नमस्कार करायचा, त्या देवाची इतकी समज परक्या मुलखातल्या कारागिरांना आली ही गोष्ट लहान नाही.

पण सगळीकडे असे साधलेले नाही. वामनाचेच घ्या. पहिल्या खेळातला वामन हा छत्री घेतलेला एक ठेंगू बटू. तो छत्री फेकून मारतो, आणि वेळ आली की काही क्षण प्रचंड मोठा होऊन शत्रूंना बडवून काढतो. मोठे होणे कथेतलेच आहे, छत्रीही कथेतलीच. मात्र दान मागणे नाही, तीन पावले नाहीत, आणि बळी तर नाहीच. आता महाराष्ट्रात वामनाची कथा सांगायची आणि बळी वगळायचा, हे कसे जमावे? दिवाळीच्या पाडव्याला आपल्या आयाबहिणी ओवाळताना राज्य मागतात ते बळीचे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली, तिच्यात बळी हा रयतेचा न्यायी राजा आहे आणि वामन हा कपटाने आलेला परका. शेतकऱ्याला आपण बळीराजा म्हणतो, आणि इंद्रायणी तांदूळ पिकवणाऱ्या आमच्या मावळात तर हा शब्द रोजच्या बोलण्यातला. हा सगळा भार ज्या पायाखाली आहे, तो पाय खेळात बिननावाच्या प्याद्यांवर पडतो. मी हे त्या विद्यार्थ्याला बोलून दाखवले. तो म्हणाला, "सर, खेळात प्रत्येकाला जिंकायचंच असतं. ज्याची दया यावी असा कोणी तिथे ठेवून कसं चालेल?" त्याच्या बोलण्यात तथ्य आहे, हे मला कबूल करावे लागते.

देवांना असे खेळवणे योग्य की अयोग्य, हा वाद जुनाच आहे. खेळ अजून चाचणीतच होता, त्या २०१२ साली अमेरिकेतले हिंदू कार्यकर्ते राजन झेद यांनी जाहीर हरकत घेतली होती. भक्ताने आपले जीवित ज्या देवाच्या हाती सोपवायचे, त्याच देवाला खेळणाऱ्याच्या बोटांच्या तालावर नाचवावे हे त्यांना रुचले नाही. कालीच्या तोकड्या वेषावरही टीका झाली. वेषाची टीका मला पटते. पहिल्या मुद्द्याबद्दल मात्र मी साशंक आहे, कारण दशावतारातला विष्णू पहाटे रंग पुसून चहा पितो आणि त्याने कोणाची श्रद्धा ढळल्याचे आपण ऐकलेले नाही.

तर मूळ मुद्दा. दुसरा भाग आला, आणि खेळणारे रागावले ते कशावरून? त्यात देवाचा अपमान कुठेच नव्हता. त्यांचा राग कपड्यांवरून होता.

हसू नका. या खेळात देव फुकट खेळता येतो, पण त्याचे निरनिराळे वेष, ज्यांना खेळणारे 'स्किन' म्हणतात, ते पैसे मोजून घ्यावे लागतात. काही विशेष सणावारी थोड्या दिवसांपुरतेच मिळतात. दहा वर्षे खेळणाऱ्याजवळ असे शेकडो वेष साठलेले. कोणाचा पहिला पगार झाला तेव्हा घेतलेला, कोणाला मित्राने वाढदिवसाला दिलेला. कंपनीने सांगितले, यातला एकही नव्या खेळात येणार नाही. कारण तांत्रिक होते आणि ते खोटे नव्हते. जुना खेळ अनरियल इंजिनच्या तिसऱ्या आवृत्तीवर उभारलेला, नवा पाचव्या. जुने वेष जसेच्या तसे नव्या सांगाड्यावर बसत नाहीत, प्रत्येक नव्याने घडवावा लागतो. जुने घर पाडून स्लॅबचे बांधले की जुने वासे कुठे लावायचे, तशातली ही अडचण. त्याच्या बदल्यात कंपनीने जुन्या खेळाडूंना त्यांनी केलेल्या खर्चाच्या मानाने 'लेगसी जेम' नावाची नाणी दिली. मात्र नव्या वेषाची निम्मीच किंमत या नाण्यांत भरता येते. उरलेली निम्मी पुन्हा खिशातून.

यावर मतांचे तट पडले. एक म्हणतो, काहीच न देता कंपनी मोकळी झाली असती, निम्मे तरी दिले. दुसरा म्हणतो, ही भरपाई नव्हे. दुकानदार सवलतीची चिठ्ठी देतो ती गिऱ्हाईक पुन्हा यावे म्हणून. तिसरा, आणि माझा विद्यार्थी या तिसऱ्यांतला, पैशाचे फारसे बोलतच नाही. तो म्हणतो, मला माझा कुंभकर्ण पाहिजे. मे २०२४ च्या चाचणीत कुंभकर्ण नव्हताच. पुढे जानेवारीत खेळ सर्वांना खुला झाला तेव्हासुद्धा पहिल्या भागातल्या शंभराहून अधिक पात्रांपैकी निम्मीदेखील नव्या भागात आलेली नव्हती. ज्याने एका देवाच्या चालीवर हजारो डाव घालवले, त्याच्या बोटांना ती चाल बसलेली असते, तबलजीच्या बोटांना ठेका बसावा तशी. त्याला सांगायचे की तुझा देव मागाहून येईल, तोवर दुसरा घे! कीर्तनकार बदलला तरी आख्यान तेच राहील अशा भरवशावर माणूस सप्ताहाला येतो. इथे आख्यानातलेच लोक गैरहजर.

नव्या खेळाची स्तुती करणारेही आहेत, आणि ते अडाणी नव्हेत. पूर्वी एका देवाने कोणती शस्त्रे घ्यावीत याला कुंपण होते: अंगबळाचे देव वेगळे, मंत्रबळाचे वेगळे, आणि एकाची आयुधे दुसऱ्याला वर्ज्य. नव्या भागात ते कुंपण काढले. कोणीही काहीही विकत घ्यावे, ज्याला त्याला त्याच्या स्वभावाप्रमाणे फायदा होतो. यामुळे डोके चालवायला वाव मिळाला असे जाणते खेळाडू म्हणतात. चित्रेही अधिक देखणी आहेत. पण खेळ अर्धाकच्चा असताना लोकांपुढे मांडला, ही कुरकुर स्तुती करणाऱ्यांच्याही तोंडी आहे. त्यातच २०२५ च्या फेब्रुवारीत कंपनीने नोकरकपात केली, तेव्हा ज्यांनी नव्याने पैसे घातले होते त्यांच्या मनात चलबिचल सुरू झाली. हाही डाव मोडला तर?

मला विचाराल तर या साऱ्या गाऱ्हाण्याच्या मुळाशी 'विकत घेणे' हा शब्द आहे. खेळाडू म्हणतो मी वेष विकत घेतला. कायद्याच्या कागदावर मात्र त्याने तो वापरायची परवानगी तेवढी घेतलेली असते. मावळातल्या जुन्या माणसांना हे समजावून सांगावे लागणार नाही. दुसऱ्याची जमीन खंडाने करायची, तिच्यातले दगड वेचायचे, बांध घालायचे, आणि मालकाच्या मनात आले की उठायचे, हे त्यांच्या वाडवडिलांनी भोगलेले आहे. पुढे कूळकायदा आला, १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला आणि कसणारा मालक झाला. खेळणाऱ्यांना असा कायदा नाही. वेषापायी कोणाच्या घरची चूल विझत नाही, हे मला समजते. दोन्ही गोष्टी मी एका तराजूत घालीत नाही. पण आज पुस्तके, गाणी, छायाचित्रे, सारेच काही हळूहळू खंडाने घेतल्यासारखे होत चालले आहे. या पोरांना त्याचा चटका आधी बसला, इतकेच.

याच पुणे जिल्ह्यात पुराणांवरचा आणखी एक खेळ तयार झाला, त्याचे नाव 'राजी'. पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्स या लहानशा मंडळीने तो २०२० साली बाहेर काढला. त्याआधी २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसा उभारायचा त्यांचा प्रयत्न फसला होता, तरी त्यांनी काम सोडले नाही. राजी ही एक साधी मुलगी. दैत्यांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधायला ती निघते, आणि दुर्गा व विष्णू तिची कहाणी आपसांत बोलत सांगतात. इथे देवाला चालवायचे नसते. देव सांगणारे, चालणारी मुलगी. पहाडी चित्रशैलीच्या वळणाची त्यातली चित्रे जगभरच्या खेळाडूंनी वाखाणली, आणि तक्रार केली ती खेळ लवकर संपतो आणि शेवट तुटल्यासारखा वाटतो अशी. म्हणजे तिथेही गाऱ्हाणे पुढच्या भागाचेच, मात्र उलट बाजूने. तिकडे पुढचा भाग आला म्हणून नाराजी, इकडे कथा पुढे गेली नाही म्हणून.

विद्यार्थ्याला मी 'राजी' खेळून पाहायला सांगितले. त्याने दोन रात्रींत ती संपवली. चित्रे फार आवडली म्हणाला, लढाई बेताची वाटली. मग त्याने आपण होऊन एक प्रश्न विचारला. त्यातल्या दैत्यराजाचे नाव महाबलासुर आहे. तो आणि पाडव्याचा बळी एकच का? मी म्हटले, नाही, तो खेळासाठी रचलेला दिसतो. बळीची गोष्ट निराळी आहे. तर म्हणाला, "मग ती सांगा ना. मला फक्त छत्रीवाला ठाऊक आहे."

दिवाळीला तो परंदवडीला येणार आहे. लेगसी जेम त्याच्या खात्यात अजून तसेच पडून आहेत.