अटॅचमेंट: टाच, पकड आणि ओढ

आजचा शब्द आहे ‘अटॅचमेंट’. वकील वापरतात, आशाताई वापरतात, बालमानसतज्ज्ञही वापरतात. अर्थ मात्र तिघांचे तीन. दसरा झाला की बीड जिल्ह्यातून, धारूर-पाटोदा-शिरूर कासारकडून, ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. त्यातल्या एका ‘कोयत्या’चं, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीचं, बिऱ्हाड डोळ्यांपुढे ठेवू आणि हे अर्थ बघू.

कोर्टात अटॅचमेंट म्हणजे जप्ती. देणं थकलं की मालमत्तेवर टाच येते. पण कशावर येत नाही, तेही १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० सांगतं: लागणारे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, शेतकऱ्याची अवजारं. आणि मजुराची मजुरी. म्हणजे मजुरीला कोर्टसुद्धा हात लावत नाही. मुकादमाची उचल मात्र घेतली, की अख्खा हंगाम आधीच गुंततो. कागदावर ही जप्ती नाही. पण उचल फिटेपर्यंत माणसाला फडातून हलूच दिलं नाही, तर तो गुन्हा आहे. कर्जापोटी माणूस जखडणं १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानं बंद केलंय.

दवाखान्यात अटॅचमेंट म्हणजे बाळानं स्तनाला नीट तोंड लावणं. खुणा चार: तोंड मोठं उघडलेलं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी स्तनाला टेकलेली, आणि बोंडाभोवतीचा काळा भाग वरच्या बाजूला जास्त दिसणारा. पकड चुकली तर बोंडाला चिरा पडतात, बाळाचं पोट भरत नाही, हळूहळू दूधही कमी होतं. ही पकड जमायला सवड लागते. मोळ्या बांधणाऱ्या बाईनं ती कुठून आणायची?

तिसरा अर्थ ओढीचा. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी १९६९ पासून यावर तीन खंड लिहिले. त्यांच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांनी युगांडातल्या खेड्यांत आई-बाळांचं निरीक्षण केलं. बाळ रांगत लांब जातं, घाबरलं की आपल्या माणसाकडे परत येतं. हे माणूस आईच असतं असं नाही. रोज सांभाळणारी आजीही असते. म्हणून पोर आजीजवळ ठेवून गेलेल्या आईला ‘माया नाही’ म्हणू नका. फक्त एवढं ध्यानात घ्या, की पोर सोबत नेलं तर आजी सुटते, मागं ठेवलं तर आई.

आपल्या मराठीत टाच, पकड, ओढ असे वेगळे शब्द आहेत, ते बरंच आहे. पण हे सगळं येऊन पडतं एकाच बाईवर. भांड्यांशिवाय संसार चालत नाही, म्हणून कायदा त्यांना वगळतो. मग तान्ह्याला पाजायची सवडही त्याच यादीतली समजायला हवी. फडाजवळ पाळणाघर आणि पाजायला हक्काची सुट्टी, ही मागणी काही फार मोठी नाही.

तुमच्या भागात फडावरच्या लेकरांची काय सोय होते, जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात.